खणाची परतफेड

माझ्या आजोबांचा बक्षिसावर फार विश्वास होता. धारला आमच्या घरी ते माझ्या वडिलांना रोज सकाळी स्तोत्रे पाठ करायला बसवीत आणि दर श्लोकामागे एक बत्तासा देत. वडील तेव्हा सात वर्षांचे. शेजारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, तांदूळ निवडत बसे. तिला बत्तासा नव्हता, कारण श्लोक पाठ करणे हे तिचे कामच नव्हते. वर्षाअखेर असे आढळले की वडिलांना बत्ताशांची गोडी लागली आहे आणि श्लोक आत्याला येत आहेत. यावरून आजोबांनी एक बत्तासा कमी पडतो असा निष्कर्ष काढला आणि दुसऱ्या वर्षापासून दर श्लोकाला दोन सुरू केले.

हे मला आत्यानेच सांगितले, म्हणून वडिलांची बाजू यात आलेली नाही.

आत्याला नवव्या वर्षी धारमध्येच दिली आणि सतराव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले. पुढची वीस वर्षे ती दिराच्या घरी स्वयंपाक करीत होती. दोन्ही वेळच्या पंगती धरल्या तर चाळीस पाने. केस काढलेले, अंगावर तांबडे आलवण, हातात पळी. चातुर्मासात दुपारी ती आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवी, आणि त्या वाचनाची कीर्ती कशी कोण जाणे देवासपर्यंत गेली. तिथल्या शाळाखात्याला मुलींचा वर्ग काढायचा होता. शिकवायला पुरुष नको आणि बाई मिळत नाही, अशा पेचात खाते तीन वर्षे स्वस्थ बसून होते. आत्याला बोलावणे आले. दिरांनी अडवले नाही. ते एवढेच म्हणाले, "जाऊ दे तिला. चार महिन्यांत परत येईल. चूल काय पळून जाते?"

चार महिन्यांची दोन वर्षे झाली. तेवढ्यात मी मॅट्रिक होऊन त्याच खात्यात कारकून लागलो आणि आम्ही आत्या-भाचे एका बिऱ्हाडात राहू लागलो.

देवास ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे त्या काळी एका गावात दोन राज्ये नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरी. दोन दरबार, दोन दसरे, दोन तुरुंग, दोन बँड. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन आहेत. त्या सख्ख्या बहिणी, आणि त्यांचेही एकदा भांडण झाले होते असे गावात सांगतात. मी कोणत्या पातीचा कारकून होतो ते लिहीत नाही. दोन्हीकडची मंडळी अजून हयात आहेत, आणि वाचल्यावर दोघांनाही ही गोष्ट पलीकडचीच वाटेल.

आत्याचा वर्ग दत्ताच्या देवळामागच्या ओसरीत भरे. मुली अकरा. पुजाऱ्याची एक, नकलनविसाच्या दोन, कीर्तनकाराची एक, बाकीच्या अशाच लहान घरांतल्या. ऊन असो, पाऊस असो, अकरा म्हणजे अकरा. त्या का येतात हे कोणी विचारले नव्हते. न येणाऱ्यांची चौकशी होते, येणाऱ्यांची कोण करतो?

दिवाळीनंतर खात्याला नवे प्रमुख आले. ते पुण्याकडचे होते. त्यांनी इंग्रजी पुस्तके वाचली होती आणि ती वाचल्याचे ते विसरू देत नसत. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. ही पदवी त्यांना सरकारने दिलेली नव्हती, पण ती न वापरण्याची छाती कोणाची नव्हती. आल्या आल्या त्यांनी ओसरी पाहिली, अकरा मुली मोजल्या आणि आत्याला कचेरीत बोलावून घेतले. आत्या दाराच्या चौकटीशी उभी राहिली, मी टेबलाशी.

"बाई, चैत्रात एजन्सीचे गोरे साहेब तपासणीला येणार. बँडमास्तर तालमीला जागा मागतोय, त्याला तुमची ओसरी पसंत आहे. साहेबांना त्या दिवशी पंचवीस मुली दिसल्या तर शाळा राहील. न दिसल्या तर ओसरी बँडला जाईल आणि तुम्हाला आम्ही सन्मानाने निरोप देऊ."

सन्मानाने निरोप म्हणजे धारची चूल. धाकट्या जावेला दिवस गेल्याचे पत्र त्याच आठवड्यात आले होते आणि त्यात "आता आपण इकडेच यावे, पंगतीचे हाल होतात" असे दिरांनी घातले होते.

"पण काळजी नको," रावसाहेब म्हणाले. "मनुष्यप्राणी लाभाने हलतो. हे शास्त्र आहे. महिनाभर नीट हजर राहील त्या मुलीला दरबाराकडून एक खण आणि एक नारळ. जाहीर वाटप. पाहा कशा धावत येतात."

आत्याने विचारले, "आणि या अकरा कशानं हलल्या?"

"त्या येतातच. त्यांचा प्रश्न नाही."

"मग तोच प्रश्न त्यांना आधी विचारायला हवा होता, रावसाहेब."

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी शाईत टाक बुडवला. कारकुनाला उत्तर द्यायचे नसेल तेव्हा त्याच्याजवळ शाई असते.

दुसऱ्या दिवशी जाहीरनामा निघाला. कलमे सहा होती. "प्रोत्साहन" हा शब्द नऊ वेळा आला होता. तो मीच सुवाच्य अक्षरात उतरवला. चौथ्या कलमात "शिक्षिकेच्या हस्ते" असे होते. ते मी घरी वाचून दाखवले तेव्हा आत्या भाकरी थापता थापता थांबली.

"अरे, तुमच्या खात्यात कोणाला आया आहेत की नाहीत? माझ्या हातचा खण कोण घेईल? पोरगी घरी नेईल आणि आई चुलीत घालील."

रावसाहेबांनाही हे त्यांच्या घरी कोणीतरी सांगितले असावे, कारण तिसऱ्या दिवशी कलम बदलून आले. वाटप रावसाहेबांच्या पत्नीच्या हस्ते होईल असे ठरले. त्यांना आम्ही वहिनीसाहेब म्हणत असू.

महिनाभरात मुली अकरावरून एकोणतीस झाल्या. मी हजेरीपटावरून यादी केली. पहिली पुजाऱ्याची मुलगी, एकही दिवस न चुकलेली. वाटपाच्या दिवशी ओसरीवर सतरंजी अंथरली, रावसाहेबांसाठी खुर्ची आणली, आणि मी यादी हातात घेऊन पहिले नाव उच्चारणार तोच एका मानकऱ्यांच्या घरचा म्हातारा हुजऱ्या काठी आपटीत पुढे आला.

"अहो भिया, आमच्या ताईसाहेब कितव्या?" माळव्यात कोणालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात.

"अठराव्या."

"अठराव्या? ऐसा नी चलेगा. दसऱ्याला विडा पहिल्या पाचांत मिळतो आमच्या घराला, आणि खण अठरावा?"

"हा क्रम हजेरीचा आहे, बाबा. ताईसाहेब महिन्यात सहा दिवस आल्या."

"सहा दिवस आल्या हे तुमच्या शाळेचं नशीब समजा."

रावसाहेब खुर्चीतून उठले, यादी माझ्या हातातून घेतली आणि क्षणभर विचार करून "विशेष हजेरी" असा एक नवा वर्ग निर्माण केला. त्यात ताईसाहेब एकट्याच होत्या. मग दुसऱ्या एका घरचा कारभारी खाकरला. मग तिसऱ्या. विशेष हजेरीत सात मुली झाल्या. पुजाऱ्याची मुलगी आठवी आली. तिला काही वाटले नसावे, ती नारळ हलवून आत पाणी आहे का ते ऐकत होती.

खरी गंमत वाटपात झाली, आणि ती त्या दिवशी मला कळली नाही. वहिनीसाहेबांनी जन्मात कधी बक्षीस दिले नव्हते, पण ओट्या शेकड्यांनी भरल्या होत्या. त्यांचे हात सवयीने चालले. त्यांनी मुलीला पाटावर बसवले, हळद लावली, कुंकू लावले, खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला, वर मूठभर तांदूळ घातले, आणि मुलीने वाकून नमस्कार केला तेव्हा "आईला सांग हो, सवडीनं येऊन जा म्हणावं" असेही म्हटले. जाहीरनाम्यातली सहाच्या सहा कलमे त्या एका वाक्यात बुडाली.

पौषात मुली सदतीस झाल्या. यांत काही चार वर्षांच्या होत्या आणि मोलकरणीच्या कडेवरून येत. दोघी रोज भिंतीला टेकून झोपत. एक मुलगी बडनगरला दिलेली होती, माहेरपणाला आलेली असताना आईने तिला पाटी देऊन बसवली. आत्या मुळाक्षरे सांगे आणि अर्ध्या मुली परकराच्या रंगाविषयी बोलत. "बाई, पुढचा खण हिरवा असेल ना?" असे एकीने विचारले तेव्हा आत्याने तिला हिरवा हा शब्द लिहायला सांगितला. तिने पाटी बाजूला ठेवली. खण लिहून मिळत नसतो हे तिला ठाऊक होते.

तोपर्यंत रस्त्यापलीकडच्या पातीला जाग आली. त्यांनीही मुलींचा वर्ग काढला आणि खणाऐवजी महेश्वरी काठाचे परकराचे कापड जाहीर केले. शिकवायला त्यांना बाई मिळाली नव्हती, पण कापड मिळाले होते. आमच्या सात-आठ मुली सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे हजर राहू लागल्या. दोन्ही राज्यांत मिळून स्त्रीशिक्षण एकाएकी फार वाढले. मी ते दोन्ही पट शेजारी ठेवून पाहिले आहेत. मुली त्याच होत्या.

माघात ताटे निघाली.

पहिले ताट मानकऱ्यांच्या घरून रावसाहेबांकडे गेले. पाच करंज्या, एक उंची खण, वर रेशमी रुमाल. आमच्या लोकांत घेतलेला आहेर अंगावर ठेवायचा नसतो. तो परत करायचा, आणि परत करताना थोडा चढ द्यायचा. शेजारच्या घराने ताट गेलेले पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचेही निघाले, सात करंज्यांचे. आता आलेले ताट रिकामे परत धाडणे हा अपमान, म्हणून वहिनीसाहेबांनी प्रत्येक ताटात काही ना काही घालून पाठवले. ते पाहून पहिल्या घराला वाटले की आपलीच फेड उरली. भर रस्त्याने रोज चार-पाच झाकलेली ताटे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात. रावसाहेबांचा आचारी मला म्हणाला, "भिया, महिना हो गया, खोबरं किसता किसता हाताला घट्टे पडले. अक्षर एक कोणी शिकलं का, ते तुम्हीच सांगा."

त्याच महिन्यात पुजाऱ्याची मुलगी यायची बंद झाली. पोटात दुखते असा निरोप आला. मग नकलनविसाच्या दोघींची पोटे दुखू लागली. मग कीर्तनकाराच्या मुलीचे. फाल्गुन लागला तेव्हा मूळच्या अकरांतली एकही ओसरीवर नव्हती. मोठ्या घरच्या मुली तीन रंगांचे खण झाल्यावर कंटाळल्या. वर्गात सात उरल्या, आणि त्यांतल्या चौघींच्या मोलकरणींना ओसरीची सावली आवडत होती.

तपासणीला महिना होता. आत्याने आपली ट्रंक काढून उन्हात ठेवली. ट्रंकेला ऊन देण्याचा तो महिना नव्हता.

मी रावसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बक्षीस कमी पडतंय. चांदीची वाटी ठेवू." आणि मग आवाज उतरवून, "तुम्ही घरोघर फिरा. पंचवीस दाखवा, तुम्हाला हेडक्लार्क करतो."

आता हे लिहायला हरकत नाही. मी आत्यासाठी तसाही फिरणारच होतो. पण हेडक्लार्क हा शब्द कानावर पडल्यापासून मला माझाच संशय येऊ लागला. एखाद्या दारात उभा असताना मी आत्याचा भाचा म्हणून उभा आहे की होणारा हेडक्लार्क म्हणून, हे मला सांगता येईना. पाय आधीइतकेच चालत होते, फक्त आता मी घरे मोजीत होतो.

आठव्या घरी पुजाऱ्याची बायको भेटली. पुजारी देवळात होते. ती दाराआडून बोलली.

"पोरीला बरं नाही, भावजी."

"महिना झाला, वहिनी."

"पोटदुखी जुनी आहे."

"आत्ता मागच्या आवारात लंगडी घालताना दिसली."

दार आणखी थोडे लोटले गेले. मग ती म्हणाली, "दोन खण घेतलेत आम्ही. तिसरा घेऊन तोंड कुठं दाखवू? परत काय धाडू त्यांना? घरात दत्तापुढचे नारळ तेवढे आहेत. त्यांतले निम्मे रावसाहेबांनीच चढवलेले."

"अहो, पण ते बक्षीस आहे. ते परत करायचं नसतं."

"बक्षीस मोलकरणीला देतात, भावजी. पाटावर बसवून, कुंकू लावून, खणावर नारळ ठेवून दिलं की त्याला काय म्हणतात ते आम्हाला शिकवू नका. गल्लीतून ताटं जाताना दिसतात ना आम्हाला. आमची एक तरी गेली का?"

जाहीरनामा माझ्याच अक्षरात होता, म्हणून मी तो विषय सोडला. मग सुचले म्हणून विचारले, "खण नव्हते तेव्हा पाठवत होतात. ते कशासाठी?"

दाराआडून तिने देवळाच्या दिशेला डोकावून पाहिले.

"यांना नाही ना सांगणार?"

"नाही."

"पत्रासाठी."

तिचे माहेर साताऱ्याकडचे. लग्न होऊन माळव्यात आल्याला अकरा वर्षे झाली होती आणि दोनदा जाणे झाले होते. पत्रे नवरा लिही. "मी सांगते, सासूबाई उपाशी ठेवतात. हे लिहितात, मंडळी सुखरूप आहे. आई विचारते, अंगावर मांस आहे का? हे वाचतात, आईनं आशीर्वाद कळवलेत. सासूची तक्रार सासूच्या लेकाकडून लिहून घ्यायची, भावजी. कशी लिहितील?" गेल्या वर्षी मुलीला जोडाक्षरे येऊ लागली. गोठ्यात बसून तिने आईचे पहिले पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले. ते आजीने शेजाऱ्याकडून लिहवून घेतले होते, आणि मुलीने ते गोठ्यातच वाचून दाखवले. "अकरा वर्षांत पहिल्यांदा आईला कळलं की मी कशी आहे."

"बाकीच्या दहाजणीही यासाठीच?"

"मंगळवारी टेकडीवर देवीला जातो आम्ही सगळ्या. तिथं बोलणं होतं. आता जास्त विचारू नका."

मी घरी येऊन आत्याला सांगितले. ती डाळ वेचीत होती. ऐकता ऐकता तिचा हात सुपातच राहिला.

"पत्र लिहायचा धडा झाला की त्या दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून यायच्या," ती म्हणाली. "मला वाटायचं जागरण झालं असेल. आणि त्या येतात माझ्या गोष्टींसाठी, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. मास्तर झालं की माणूस असं मूर्ख होतं बघ."

मग ती हसू लागली. पुष्कळ वेळ हसली. ट्रंक आत घेतली आणि मला म्हणाली, "वाट्या थांबव."

चांदीच्या वाट्या थांबवणे कठीण होते, कारण रावसाहेब त्यांच्यावर खूश होते. आत्याने मला त्यांच्या भाषेत बोलायला सांगितले. मी जाऊन म्हटले, "रावसाहेब, लाभ दिसत राहावा पण हाती लागू नये, म्हणजे त्याचा जोर टिकतो, असं वाटतं. वाट्या कपाटात काचेआड ठेवाव्या." त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि हे आपण कुठल्याशा पुस्तकात वाचल्याचे सांगितले. वाट्या काचेआड गेल्या.

आत्याने पुजाऱ्याच्या बायकोकडून मंगळवारी टेकडीवर निरोप पाठवला. निरोप असा: खण घेतलेत, फेड राहिली आहे, हे बाईंना ठाऊक आहे. रावसाहेबांकडे काही धाडू नका, तिकडची ताटे मोठ्यांची मोठ्यांत फिरू द्या. खण शाळेमुळे आले, तर फेड शाळेतच करा. विधवेला वाण चालत नाही, करंज्या ती खात नाही. तिला सकाळचे दोन तास मुलगी द्या. आणि साहेब येईल त्या दिवशी ओसरी सारवून द्यायला या. मग कोणी कोणाचे देणे लागत नाही.

रावसाहेब समजत होते की खण देऊन ते मुलींची हजेरी घेत आहेत. आत्याने तीच हजेरी खणाची फेड करून टाकली, आणि आमच्या लोकांत मिळकत कोणी सोडून देईल, पण आहेराची फेड कोणी चुकवत नाही. दुसऱ्या सोमवारी अकराही जणी परत आल्या. सगळ्यांची पोटे एकदम बरी झाली. त्यांच्यामागून ज्यांनी खण घेतले होते त्या इतर लहान घरांतल्याही हळूहळू आल्या. पण मोठी घरे ताटांनी आपली फेड करून मोकळी झाली होती, ती फिरकली नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी मी मोजल्या, एकवीस. त्यांत भिंतीला टेकून झोपणाऱ्या दोघी होत्या. चार कमी. आत्या म्हणाली, "असू देत. एकवीस आहेत त्या खऱ्या आहेत," आणि जेवली नाही.

तपासणी साडेदहाची होती, म्हणून रावसाहेबांनी सगळ्यांना दहा सांगितले होते. साहेब साडेनऊला आला. पहाटेपासून सहा बाया ओसरी सारवीत होत्या. जमीन वाळली होती आणि त्या दाराशी रांगोळी घालीत होत्या, तोच घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. ओसरीला दार एक. बाहेर जायची वाट साहेबाच्या बुटांवरून होती. सहाही जणी डोक्यावरून पदर ओढून आत पळाल्या आणि एकमेकींच्या मागे लपू लागल्या.

आत्या शांतपणे म्हणाली, "बसा. मुलींच्या मागं रांगेत. पाट्या घ्या. मान खाली."

बसल्या. रावसाहेब धापा टाकीत साहेबाच्या मागून आत शिरले. त्यांनी ओठ हलवीत मोजले. सत्तावीस. त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की मागच्या रांगेतल्या मुलींच्या बांगड्या आणि मंगळसूत्रे त्यांना दिसलीच नाहीत. साहेबाला दिसली. त्याने छडीने मागची रांग दाखवून इंग्रजीत काही विचारले. रावसाहेबांनी मागे वळून पाहिले, घाम पुसला आणि पापणी न हलवता सांगितले की बक्षीस-योजनेचा प्रभाव प्रौढ स्त्रियांवरही पडला आहे.

साहेबाने पुजाऱ्याच्या बायकोसमोर थांबून "लिको" म्हटले.

मी आत्याकडे पाहिले. ओसरी, बँड, धार, सगळे तिच्या तोंडावर एकदम दिसत होते. त्या बाईला लिहिता येते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. तिने पदर आणखी खाली ओढला, पेन्सिल मुठीत धरली, आणि फार सावकाश, एकेक काना जपून ओढत, पाटीवर लिहिले, "मातोश्रीस." मुलगी गोठ्यात लिहायची तेव्हा आई नुसती सांगत बसत नव्हती.

साहेबाने अर्थ विचारला. रावसाहेबांनी सांगितला. साहेबाने टोपीला हात लावला, "व्हेरी गुड" म्हटले आणि वहीत काही टिपून निघून गेला. पाटी मग सगळ्या मुलींत फिरली. कोणी पुसली नाही.

ओसरी राहिली. बँडची तालीम तुरुंगामागच्या मैदानात हलली, त्याबद्दल कैद्यांनी तक्रार केल्याचे ऐकले. दसऱ्याच्या दरबारात रावसाहेबांना बक्षीस-योजनेबद्दल शेला-पागोटे मिळाले. ते घालून ते शाळेत एकदा येऊन गेले, पुन्हा आले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांचे सगळे लक्ष मानाची मोत्यांची कंठी कोणत्या खात्यात मिळते याकडे लागले होते. हेडक्लार्कची जागा त्यांच्या मेव्हण्याला गेली. वाट्या काचेआड काळ्या पडल्या. आत्याविषयी दरबारात कोणी काही बोलले नाही, कारण विधवेला द्यायचे काय हा प्रश्न कोणाला सोडवायचा नव्हता. तिने त्याची चौकशीही केली नाही.

सहा बाया मात्र येत राहिल्या. ओसरी सारवायला जातो असे त्या घरी सांगत. ती ओसरी आठवड्यातून तीनदा सारवली जाई, एवढी सारवलेली जमीन मी दुसरीकडे पाहिली नाही.

दसऱ्याआधीच, ज्येष्ठ सरता सरता, दिरांचे पत्र आले होते. जाऊ बाळंत झाली, पंगतीचे फार हाल, मुलींची शाळा मोडली असे ऐकतो, तरी किती तारखेला टांगा पाठवू? आत्याने ते वाचले आणि मागच्या रांगेत पुजाऱ्याच्या बायकोपुढे ठेवले.

"आज उत्तर लिहायचा धडा. मी सांगते, तू लिही."

मी दाराशी हजेरीपट घेऊन उभा होतो. आत्या भिंतीकडे तोंड करून एकेक वाक्य सांगत होती. येथील सर्व क्षेम. शाळा चालू आहे. बाळंतिणीस जपावे. स्वयंपाकास माणूस पाहावे. आमचे येणे होत नाही.

पुजाऱ्याच्या बायकोने शेवटचा काना ओढला, कागद दूर धरून पाहिला आणि विचारले, "खाली 'क्षमा असावी' लिहू का, बाई?"

"जागा उरली आहे?"

"आहे की, बरीच."

"मग पुन्हा एकदा लिही, आमचे येणे होत नाही."